आय.पी. पत्त्याच्या साहाय्याने नेटवर्क स्विचचे व्यवस्थापन व संनियंत्रण : महाविद्यालयीन संगणक जाळ्याच्या संदर्भात

सारांश

महाविद्यालयातील संगणक जाळ्याचा बहुतांश भार स्विच या उपकरणावर असतो. तथापि ते बंद पडेपर्यंत त्याची दखल सहसा घेतली जात नाही. व्यवस्थापनक्षम स्विचला आय.पी. पत्ता दिल्यास त्याची मांडणी, देखरेख व दोषशोधन प्रत्यक्ष जागेवर न जाता करता येते. हा पत्ता नेमका कशासाठी असतो, तो कसा द्यावा, त्याद्वारे कोणती माहिती मिळते आणि कोणत्या प्रसंगी तो निरुपयोगी ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. संगणकशास्त्रेतर विषयांच्या प्राध्यापकांनाही ते समजावे असा प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : स्विच, आय.पी. पत्ता, व्ही-लॅन, एस.एन.एम.पी., सिसलॉग, स्पॅनिंग ट्री

प्रस्तावना

प्रवेशप्रक्रिया, शुल्कवसुली, ग्रंथालयातील देवघेव, विद्यार्थ्यांची उपस्थिती आणि परीक्षेची प्रश्नपत्रिका ही सर्व कामे आज संगणक जाळ्यावरून होतात. जाळे बंद पडले की ‘नेट गेले’ एवढेच आपण म्हणतो आणि इंटरनेट पुरवठादाराला दूरध्वनी करतो. अनेकदा दोष पुरवठादाराकडे नसतो. तो आपल्याच व्हरांड्यातील लोखंडी पेटीत असतो.

प्रस्तुत लेखकाला हे एका परीक्षेच्या सकाळी शिकावे लागले. प्रश्नपत्रिका उतरवून घेण्याची वेळ झाली होती, विद्यार्थी वर्गांबाहेर उभे होते आणि परीक्षा विभागातील एकाही संगणकावर पान उघडत नव्हते. सर्व्हर खोलीतील मुख्य स्विचचे सर्व दिवे एकाच लयीत वेगाने लुकलुकत होते. कोणीतरी सुचविले म्हणून तो स्विच बंद करून पुन्हा सुरू केला. दोन-तीन मिनिटे सर्व ठीक झाले आणि पुन्हा तीच अवस्था. अखेर एकेक केबल काढून दिव्यांकडे पाहत बसणे एवढाच उपाय उरला. दीड तासानंतर एका प्रयोगशाळेतील आठ पोर्टच्या साध्या स्विचमध्ये एकाच पॅच कॉर्डची दोन्ही टोके खोचलेली सापडली. प्रश्नपत्रिका एका सहकाऱ्याच्या मोबाइलवरील इंटरनेटने उतरवली गेली आणि परीक्षा उशिरा सुरू झाली. आदल्या दिवशी त्या प्रयोगशाळेची साफसफाई करणाऱ्या परिचरांना दुसऱ्याच दिवशी ज्ञापन देण्यात आले.

ते टोक त्यांनीच खोचले होते का, हे कोणालाही सांगता आले नाही. वास्तविक मुख्य स्विच व्यवस्थापनक्षम होता, म्हणजे स्वतःच्या प्रत्येक पोर्टवर काय घडते याची नोंद ठेवण्यास समर्थ होता. परंतु खरेदी झाल्यापासून त्याला आय.पी. पत्ता देण्यात आलेला नव्हता.

पत्ता नेमका कोणाचा?

‘स्विचला आय.पी. पत्ता असतो’ या विधानाने बराच गैरसमज होतो. संगणकांमध्ये माहितीची ने-आण करण्यासाठी सामान्य स्विचला आय.पी. पत्त्याची मुळीच आवश्यकता नसते. तो ४८ बिटांचा मॅक पत्ता पाहून काम करतो. एखाद्या पोर्टवरून फ्रेम आली की पाठविणाऱ्याचा मॅक पत्ता त्या पोर्टसमोर आपल्या तक्त्यात नोंदवायचा आणि ज्याला पाठवायचे त्याचा पत्ता तक्त्यात असेल तर केवळ त्याच पोर्टवर फ्रेम सोडायची, हे त्याचे कार्य होय. पत्ता तक्त्यात नसेल तर ती फ्रेम उरलेल्या सर्व पोर्टांवर सोडली जाते. सामान्यतः ३०० सेकंद एखाद्या संगणकाकडून काहीच आले नाही, तर त्याची नोंद पुसली जाते.

पोस्टमनला पत्रे वाटण्यासाठी स्वतःच्या घराचा पत्ता कोणाला सांगावा लागत नाही. मात्र त्यालाच पत्र पाठवायचे असेल तर त्याचाही पत्ता हवा. स्विचचा आय.पी. पत्ता हा असा, त्या पोस्टमनचा स्वतःचा पत्ता आहे. तो कोणत्याही एका पोर्टचा नसतो; स्विचच्या आत असलेल्या लहानशा संगणकाचा असतो. तांत्रिकदृष्ट्या तो एका आभासी जोडबिंदूला, बहुधा एखाद्या व्ही-लॅनच्या जोडबिंदूला दिला जातो. म्हणूनच पत्ता चुकला तरी जाळे चालूच राहते आणि चूक महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

येथे खरेदी समितीवरील सहकाऱ्यांसाठी एक गोष्ट नमूद करणे अस्थानी ठरणार नाही. मागणीपत्रात केवळ ‘२४ पोर्ट स्विच’ असे लिहिले तर तीन दरपत्रकांपैकी सर्वांत कमी दराचे दरपत्रक हमखास साध्या स्विचचे असते. साध्या स्विचला पत्ता देताच येत नाही. तो आंधळेपणाने, पण इमानाने काम करतो. ‘स्मार्ट’ या नावाने विकले जाणारे स्विच मधल्या पायरीवरचे असून त्यांत ब्राउझरमधून मर्यादित व्यवस्था करता येते. पूर्ण व्यवस्थापनक्षम स्विच महाग पडतो. प्रत्येक प्रयोगशाळेत तो हवाच असे नाही. परंतु ज्या स्विचवर इतर स्विच जोडलेले आहेत, तो तरी व्यवस्थापनक्षम असावा आणि तसे मागणीपत्रात स्पष्ट लिहावे.

पत्त्यांची आखणी

फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर.एफ.सी. १९१८ या दस्तऐवजाने खासगी जाळ्यांसाठी तीन पत्तासमूह राखून ठेवले. १०.०.०.० पासूनचा, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ हा आणि १९२.१६८.०.० पासूनचा असे ते समूह होत. महाविद्यालयाच्या आतील स्विचला यांपैकीच पत्ता द्यावा. स्विचचा पत्ता डी.एच.सी.पी.च्या मर्जीवर सोडू नये. तो स्थिर असावा. ज्याच्या घरी तक्रार घेऊन जायचे त्यानेच दर आठवड्याला घर बदलले तर काय होईल, याची कल्पना करावी.

पत्ता वाचताच जागा कळेल अशी आखणी केल्यास पुढे फार श्रम वाचतात. उदाहरणार्थ, १०.१०.९९ हा भाग व्यवस्थापनासाठी राखून शेवटच्या आकड्यात इमारत व मजला बसवावा. मुख्य इमारतीचा पहिला मजला १०.१०.९९.११, दुसरा मजला १०.१०.९९.१२, विज्ञान इमारतीचा पहिला मजला १०.१०.९९.२१ याप्रमाणे. पत्त्यासोबत सबनेट मास्क द्यावा लागतो आणि दुसऱ्या व्ही-लॅनमधून स्विचपर्यंत पोहोचायचे असेल तर डिफॉल्ट गेटवेही. गेटवे देण्याचे राहून गेल्यास एक गमतीशीर लक्षण दिसते. शेजारच्या टेबलावरून स्विच उत्तर देतो, पण कार्यालयातून देत नाही. विनंती पोहोचलेली असते. उत्तराला परतीची वाट ठाऊक नसते.

नवे स्विच एकेक करूनच जोडावेत. कारखान्यातून येताना एकाच प्रकारच्या सर्व स्विचांना बहुधा एकच पत्ता दिलेला असतो. डी-लिंकच्या अनेक स्मार्ट स्विचांत तो १०.९०.९०.९० असा असतो. असे दोन स्विच एकदम जोडले की एकाच पत्त्यावर दोघे हक्क सांगतात आणि ब्राउझरमध्ये कधी एकाचे, कधी दुसऱ्याचे पान उघडते.

व्यवस्थापनाचा पत्ता विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेच्या व्ही-लॅनमध्ये नसावा. एकाच स्विचचे तर्कदृष्ट्या अनेक स्विच करणारी व्ही-लॅन पद्धती १९९८ च्या आय.ई.ई.ई. ८०२.१क्यू या मानकाने निश्चित झाली. तिच्यात १ ते ४०९४ असे क्रमांक वापरता येतात. बहुतेक स्विचांत आरंभी सर्व पोर्ट १ क्रमांकाच्या व्ही-लॅनमध्ये असतात आणि पुष्कळ महाविद्यालयांत ते तसेच राहतात. परिणामी परीक्षा विभागाचा संगणक, विद्यार्थ्याचा लॅपटॉप आणि स्विचचा व्यवस्थापन पत्ता हे सर्व एकाच ओसरीवर बसलेले असतात.

स्विचपर्यंत पोहोचण्याच्या वाटा

पहिला पत्ता बहुधा कन्सोल पोर्टमधून, म्हणजे विशिष्ट केबलने लॅपटॉप थेट स्विचला जोडून दिला जातो. अनेक स्विचांत या जोडणीचा वेग ९६०० बॉड ठेवलेला असतो. पत्ता दिल्यानंतर टेलनेट, एस.एस.एच. किंवा ब्राउझर या वाटा खुल्या होतात.

टेलनेटचा वापर आता करू नये. त्यातून जाणारा पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर अशाच प्रकारे पासवर्ड चोरले गेल्यानंतर तेथील संशोधक तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एस.एस.एच. ही सांकेतिक पद्धती तयार केली. तिचे मूळ विद्यापीठाच्या जाळ्यातील चोरीत आहे, हे आपण प्राध्यापकांनी ध्यानात ठेवावे. पुढे मार्च २०१७ मध्ये सिस्को कंपनीने आपल्या ३०० हून अधिक स्विच-प्रकारांत टेलनेटच्या वाटेने पूर्ण ताबा मिळविता येईल असा दोष असल्याचे जाहीर केले. टेलनेट बंद ठेवणे हाच तेव्हा सांगितलेला तातडीचा उपाय होता.

दूरवरून बदल करताना एक धोका कायम असतो. ज्या व्ही-लॅनमधून आपण स्विचपर्यंत पोहोचलो तीच चुकून काढून टाकली, तर बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड घातल्यासारखे होते. पडदा गोठतो आणि कन्सोल केबल घेऊन जिना चढावा लागतो. यावर जुन्या जाणत्यांची एक युक्ती आहे. बदल करण्यापूर्वी ‘दहा मिनिटांनी पुन्हा सुरू हो’ अशी आज्ञा स्विचला देऊन ठेवायची. बदल यशस्वी झाला तर ती रद्द करायची. न झाल्यास स्विच आपोआप जुन्या मांडणीवर येतो. हे शक्य होते, कारण अनेक स्विचांत चालू मांडणी आणि जतन केलेली मांडणी वेगवेगळी असते. याच कारणाने, बदल जतन करण्याचे विसरल्यास पुढच्या वीजखंडात सारे श्रम वाया जातात. ग्रामीण भागातील सहकाऱ्यांना हे अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

संनियंत्रण : विचारणे आणि मोजणे

सर्वांत साधे संनियंत्रण म्हणजे पिंग. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी हा लहानसा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुडीच्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिले. स्विचच्या पत्त्यावर पिंग केल्यास तो जिवंत आहे की नाही आणि उत्तरास किती मिलिसेकंद लागले, एवढे कळते. प्रकृती कशी आहे, ते मात्र कळत नाही.

त्यासाठी एस.एन.एम.पी. हा नियमसंच आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. स्विचमध्ये एक ‘अभिकर्ता’ असतो आणि आपल्या संगणकावर एक ‘व्यवस्थापक’ प्रोग्रॅम असतो. व्यवस्थापक यू.डी.पी.च्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर प्रश्न विचारतो व अभिकर्ता उत्तर देतो. प्रश्न शब्दांत नसून आकड्यांच्या मालिकेत असतो. १.३.६.१.२.१.१.३.० ही मालिका पाठविली की व्यवस्थापनाचा भाग सुरू होऊन किती काळ लोटला हे एक शतांश सेकंदाच्या एककात मिळते. हा आकडा ३२ बिटांचा असल्याने सुमारे ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. तो पाहून स्विच काल रात्रीच बंद पडला होता असा निष्कर्ष काढणाऱ्यांची फसगत होते.

जाळ्यावरील वाहतूक मोजण्याची रीत विजेच्या मीटरसारखी आहे. प्रत्येक पोर्टवर आत आलेल्या व बाहेर गेलेल्या बाइटांचा आकडा सतत वाढत असतो. आपण ठरावीक अंतराने वाचन घ्यायचे व वजाबाकी करायची. समजा, ३०० सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या दोन वाचनांतील फरक १५,००,००,००० बाइट आला. ३०० ने भागून ८ ने गुणल्यास ४०,००,००० बिट प्रतिसेकंद, म्हणजे ४ एम.बी.पी.एस. हा सरासरी वेग मिळतो. येथेही ३२ बिटांचा अडसर आहे. ४,२९,४९,६७,२९६ या संख्येला मीटर पुन्हा शून्यावर येतो. १०० एम.बी.पी.एस.च्या पूर्ण भरलेल्या पोर्टवर यास सुमारे पावणेसहा मिनिटे लागतात, तर १ जी.बी.पी.एस.च्या पोर्टवर केवळ ३४ सेकंद. म्हणून गिगाबिट पोर्टसाठी ६४ बिटांचे मीटर वाचावेत. अन्यथा आलेख सुबक येतो आणि साफ खोटा असतो.

असे आलेख काढण्याची प्रथा रूढ करणारे एम.आर.टी.जी. हे साधन एका शिक्षणसंस्थेतच जन्मले. इंग्लंडमधील लेस्टर येथील डी माँटफोर्ट विद्यापीठात १९९४ मध्ये बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच ६४ के.बी.पी.एस.ची वाहिनी होती. ती किती भरली आहे हे प्रत्येकालाच जाणून घ्यायचे होते. टोबियास ओटिकर यांनी त्यासाठी सतत अद्ययावत होणारा आलेख वेबवर दाखविणारा प्रोग्रॅम लिहिला आणि १९९५ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. आज अशा कामासाठी झॅबिक्स, लिब्रे-एन.एम.एस. यांसारखी निःशुल्क साधने उपलब्ध आहेत. जुना, बाजूला पडलेला एखादा संगणकही लहान महाविद्यालयाच्या जाळ्यासाठी पुरतो.

वेगापेक्षाही दोषपूर्ण फ्रेमांचा मीटर अधिक बोलका असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उंदराने कुरतडलेली केबल बहुधा एकदम बंद पडत नाही. काही आठवडे चुका वाढत जातात. त्या काळात शिक्षक ‘संगणक संथ आहे’ अशी तक्रार करतात आणि संगणकच बदलला जातो.

एस.एन.एम.पी.च्या पहिल्या दोन प्रचलित आवृत्त्यांत ‘कम्युनिटी’ नावाचा एक शब्द पासवर्डचे काम करतो आणि तो उघडपणे जातो. कित्येक स्विचांत तो आरंभी ‘पब्लिक’ असा असतो. बदल करण्याचा अधिकार देणारा शब्द ‘प्रायव्हेट’. हे दोन्ही शब्द सर्व जगाला ठाऊक आहेत. डिसेंबर २००२ मध्ये पूर्ण मानकाचा दर्जा मिळालेल्या तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटविणे व सांकेतिकीकरण या दोन्ही सोयी आहेत. स्विच तिसरी आवृत्ती जाणत असेल तर तीच वापरावी.

चक्र आणि वादळ

आता परीक्षेच्या सकाळी काय घडले ते सांगता येईल. ‘हा पत्ता कोणाचा आहे?’ अशी हाक सर्वांना उद्देशून देणारी फ्रेम स्विच प्रत्येक पोर्टवर सोडतो. केबलची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये असतील तर ती हाक फिरून त्याच स्विचमध्ये येते व पुन्हा सर्वत्र सोडली जाते. आय.पी. पाकिटाला जसे आयुष्य ठरवून दिलेले असते तसे इथरनेट फ्रेमला नसते. ती मरत नाही. क्षणार्धात अशा फ्रेमांनी सर्व केबली भरून जातात. यालाच ब्रॉडकास्ट वादळ म्हणतात.

अशी चक्रे शोधून एक दुवा आपोआप बंद ठेवणारी स्पॅनिंग ट्री पद्धती राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना शोधून काढली. तिच्यावर त्यांनी एक छोटी कविताही रचली. परंतु या पद्धतीलाही मर्यादा आहेत. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टन येथील बेथ इस्रायल डीकनेस वैद्यकीय केंद्राचे जाळे वाढता वाढता स्पॅनिंग ट्रीच्या आवाक्याबाहेर गेले आणि सुमारे चार दिवस कोलमडले. त्या दिवसांत डॉक्टरांना चिठ्ठ्या व तपासण्यांचे अहवाल पुन्हा कागदावर आणावे लागले. साध्या स्विचच्या पोटात तयार झालेले चक्रही स्पॅनिंग ट्रीला प्रत्येक वेळी ओळखता येईलच असे नाही. त्यासाठी व्यवस्थापनक्षम स्विचमधील लूप-संरक्षण व वादळ-नियंत्रण या सोयी प्रत्येक पोर्टवर सुरू कराव्या लागतात. त्या सुरू असत्या तर प्रयोगशाळेचे एक पोर्ट बंद झाले असते आणि परीक्षा विभाग चालू राहिला असता.

येथे एक कबुली आवश्यक आहे. वादळ सुरू झाल्यावर आय.पी. पत्ता कामास येईलच याची शाश्वती नाही, कारण व्यवस्थापनाची वाटही त्याच केबलींतून जाते. पूर आल्यावर पुलाचे जे होते तेच येथे होते. त्या वेळी कन्सोल केबल हाच आधार असतो. ती सर्व्हर खोलीतच, स्विचशेजारी टांगलेली असावी.

नोंद आणि वेळ

स्विच आपल्या घटनांची नोंद, म्हणजे पोर्ट केव्हा सुरू झाले, केव्हा बंद झाले, एकच मॅक पत्ता दोन पोर्टांवर आलटून पालटून दिसतो आहे काय, ही सर्व स्मृतीत ठेवतो. अनेक स्विचांत ही स्मृती वीज जाताच पुसली जाते. आम्ही त्या सकाळी स्विच बंद करून सुरू केला तेव्हा नेमका पुरावाच पुसला. नंतर कन्सोल जोडून पाहिले असता उरलेल्या ओळींवर १ मार्च १९९३ हा दिनांक होता. बॅटरीवर चालणारे घड्याळ नसलेले अनेक जुने कॅटॅलिस्ट स्विच पुन्हा सुरू झाल्यावर याच दिनांकापासून मोजू लागतात.

उपाय दोन आहेत व दोहोंसाठी स्विचला आय.पी. पत्ता लागतो. पहिला, एन.टी.पी. पद्धतीने स्विचचे घड्याळ विश्वसनीय वेळेशी जुळवून घेणे. दुसरा, सिसलॉग पद्धतीने प्रत्येक नोंद घडताक्षणी दुसऱ्या संगणकाकडे पाठविणे. सिसलॉगमध्ये ० ते ७ अशा तीव्रतेच्या पायऱ्या असतात. ० सर्वांत गंभीर. सातव्या पायरीपर्यंतचे सर्व काही साठविल्यास उपयुक्त ओळ कचऱ्यात हरवते. ही नोंद बहुधा यू.डी.पी.वरून जाते, म्हणजे ती पोहोचलीच याची हमी नसते. तरीही वादळ माजण्यापूर्वीच्या ओळी बहुतेक वेळा पोहोचलेल्या असतात.

सर्व व्यवस्थापनक्षम स्विचांना पत्ते देऊन हे दोन्ही उपाय केल्यानंतर काही महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेकडून पुन्हा वादळ उठले. वादळ-नियंत्रणाने पोर्ट बंद केले, इतर विभागांना कळलेही नाही आणि सहा मिनिटांत दोष सापडला. वादळाची पहिली ओळ दुपारी ४ वाजून १२ मिनिटांची होती. त्या वेळी तेथे विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक चालू होते. परिचर त्या दिवशी रजेवर होते. एका विद्यार्थ्याने लोंबती केबल दिसली म्हणून व्यवस्थित खोचून ठेवली होती. त्याचा हेतू चांगला होता.

पहिल्या घटनेविषयी यावरून काहीच सिद्ध होत नाही. परंतु काहीच सिद्ध नसताना दिलेले ज्ञापन सेवापुस्तिकेसोबतच्या फाइलमध्ये असावे काय, असा प्रश्न प्राचार्यांना लेखी विचारण्यात आला. प्राचार्यांनी ते मागे घेतले.

नोंदवही

उरते ते कागदाचे काम. कोणता पत्ता कोणत्या स्विचचा, कोणत्या पोर्टवरून कोणती केबल कोठे जाते, मांडणीची प्रत केव्हा काढून ठेवली, या बाबी एका जाड नोंदवहीत हाताने लिहाव्यात. कारण जाळे बंद असताना जाळ्यावरील फाइल उघडत नाही. पासवर्ड बंद लिफाफ्यात प्राचार्यांच्या कपाटात असावा. देखभालीचा ठेका बदलला किंवा नेटवर्क पाहणारे सहकारी अन्यत्र रुजू झाले की पासवर्ड बदलून लिफाफाही बदलावा. आमच्याकडील एका जुन्या स्विचचा पासवर्ड पूर्वीच्या ठेकेदारासोबतच गेला. तो स्विच मूळ स्थितीत आणून नव्याने मांडावा लागणार आहे आणि त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीतील एक दिवस ठरविला आहे.